होलोकॉस्टची संग्रहालयं सोशल मीडियावर नेमकं काय शिकवतात?

इतिहासवेडी · २८ जानेवारी, सकाळी ९:१२

काल २७ जानेवारी होती. १९४५ साली याच तारखेला सोव्हिएत सैन्य नाझींच्या आउश्वित्झ छावणीत पोचलं, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये ठराव करून हा दिवस होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, स्मृतीला दिला. काल त्यामुळे बऱ्याच जणांच्या स्टेटसला मेणबत्ती होती. मला लिहायचंय ते वर्षाच्या बाकी दिवसांबद्दल.

आउश्वित्झ-बिर्केनाऊ स्मारकाचं ट्विटर (आताचं एक्स) खातं मी बरीच वर्षं वाचते. त्यावर रोज एकाच साच्यातल्या पोस्टी येतात. आधी जन्मतारीख. मग अमक्या गावी एका ज्यू मुलीचा, पोलिश सुताराचा किंवा रोमा मुलाचा जन्म झाला, एवढं एक वाक्य. मग कुठून, कोणत्या तारखेला छावणीत आणलं. क्रमांक दिला गेला असेल तर तो क्रमांक. शेवटी काय झालं ते, जेवढं कागदावर सापडतं तेवढंच. सोबत फोटो. विशेषण एकही नसतं. वाचायला अर्धं मिनिट लागतं आणि त्या अर्ध्या मिनिटात आपण एका माणसाला भेटतो.

या स्मारकानं २००९ मध्ये फेसबुक पान उघडलं आणि २०१२ मध्ये ट्विटर. अशा जागेचं पान 'लाइक' कसं करायचं, हा प्रश्न तेव्हा लोकांना खरोखर पडला होता. छावणीच्या मुक्तीला ७५ वर्षं होणार होती तेव्हा त्यांनी साडेसात लाख वाचकांचं आवाहन केलं आणि जानेवारी २०२० पर्यंत आकडा दहा लाखांच्या वर गेला. पावेल सावित्स्की नावाचे गृहस्थ वर्षानुवर्षं ही खाती सांभाळतात. ते मूळचे पत्रकार आहेत आणि स्मारकाच्या वतीनं माध्यमांशी बोलतातही.

आता त्या फोटोंबद्दल, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, तीन बाजूंनी काढलेला चेहरा, कोपऱ्यात क्रमांक, असे फोटो तुम्ही पाहिले असतील. ते एसएसनं, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलानं, कैद्यांच्या नोंदणीसाठी काढून घेतले. काढणारे बहुतेक स्वतः कैदीच होते. त्यातले विल्हेल्म ब्रासे हे युद्धाआधी काटोवित्सेत फोटो स्टुडिओत काम करायचे. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा जवळ आल्यावर हे सगळे फोटो आणि निगेटिव्ह जाळून टाका, असा हुकूम आला. ब्रासे आणि त्यांचा सोबती ब्रोनिस्वाव युरेचेक यांनी भट्टीत आधी ओला फोटोचा कागद कोंबला, मग त्यावर फोटो इतके दाबून भरले की धूर बाहेर जायची वाटच बंद झाली. आग दाराजवळ थोडी धुमसली आणि विझली. आज सुमारे ३९ हजार फोटो शिल्लक आहेत ते या दोघांमुळे. म्हणजे आपल्या मोबाइलवर सकाळी जो चेहरा येतो, तो मारेकऱ्यांनी नोंदवहीसाठी काढलेला असतो आणि दोन कैद्यांनी जीव धोक्यात घालून वाचवलेला असतो.

आणि इथेच एक मोठी अडचण आहे. आउश्वित्झमध्ये सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यात सुमारे १० लाख ज्यू होते. त्यातल्या बहुतेकांना गाडीतून उतरवल्यावर थेट गॅस चेंबरमध्ये नेलं. त्यांना क्रमांक दिला नाही, नोंद केली नाही, फोटो काढला नाही. त्यांचे फोटो येतात ते घरच्या अल्बममधून: वाढदिवसाचा, शाळेचा, समुद्रकिनाऱ्यावरचा. फ्रान्समधून पाठवल्या गेलेल्या ११ हजारांहून जास्त ज्यू मुलांची नावं आणि जमतील तितके फोटो गोळा करण्यात सर्ज क्लार्सफेल्ड यांनी आयुष्य घातलं. त्यांचे वडीलही आउश्वित्झमध्येच गेले. या खात्यावर फ्रेंच मुलांचे इतके हसरे फोटो दिसतात, त्यामागे हे काम आहे.

माझं म्हणणं असं की संग्रहालयानं सोशल मीडियावर हेच करावं: एक माणूस, एक कागद, आणि त्या कागदाच्या पलीकडे एक शब्दही नाही. नाट्य, अभिनय, 'तुम्ही तिथे असता तर' हे सगळं मला धोक्याचं वाटतं. तुमचा अनुभव काय? मुलांना, विद्यार्थ्यांना यातलं काही दाखवलंय का कोणी?


कोकणातला_अवी · २८ जानेवारी, सकाळी १०:३५

चांगला धागा. भट्टीची गोष्ट माहीत नव्हती.

पण ताई, एक शंका. वरती क्रिकेटची क्लिप, खाली मिसळीची रेसिपी आणि मध्ये गॅस चेंबरमध्ये मारलेली पाच वर्षांची मुलगी. बोट थांबतं, वाईट वाटतं, बोट पुढे जातं. याला शिक्षण म्हणायचं का? मला तर भीती वाटते की रोज पाहून पाहून मन निबर होईल. संग्रहालयात माणूस ठरवून जातो, तिथे शांतता असते. फीडमध्ये ती कुठून आणणार?


इतिहासवेडी · २८ जानेवारी, सकाळी ११:०२

अवी, शंका रास्त आहे. एका पोस्टनं कोणी इतिहास शिकत नाही. पण बघा, २०१९ साली तिथे २३ लाख लोक जाऊन आले आणि तो त्यांचा विक्रम होता. जगातली बाकी सगळी माणसं तिथे कधीच जाणार नाहीत. त्यांच्यापर्यंत काहीतरी पोचणारच आहे. संग्रहालयाकडून नाही पोचलं तर दुसऱ्या कोणाकडून पोचेल, आणि तो दुसरा कोण हे काळजीचं आहे. २०२२ मध्ये युनेस्कोनं एक अहवाल काढला. टेलिग्रामवर होलोकॉस्टबद्दल जे सार्वजनिक लिखाण तपासलं, त्यातल्या जवळजवळ निम्म्यात घटना नाकारलेली किंवा विकृत केलेली होती. टिकटॉकवर हे प्रमाण १७ टक्के होतं. फेसबुकनं होलोकॉस्ट नाकारणाऱ्या पोस्टींवर बंदी घातली तीच मुळात ऑक्टोबर २०२० मध्ये. तोवर मोकळं रान होतं.

दुसरं म्हणजे हे खातं पोस्ट टाकून गप्प बसत नाही. मार्च २०१९ मध्ये लोक तिथल्या रुळांवर तोल सावरत चालतानाचे फोटो टाकायला लागले. तेव्हा त्यांनी नाव न घेता, न ओरडता सांगितलं की तोल सांभाळायला शिकायच्या याहून चांगल्या जागा आहेत, हे रूळ लाखोंना मरणाकडे घेऊन आले. त्याच वर्षी डिसेंबरात अ‍ॅमेझॉनवर आउश्वित्झच्या चित्रांचे ख्रिसमसचे दागिने विकायला होते. स्मारकानं ट्विट केलं आणि ते काढले गेले. २०२० मध्ये एका मालिकेत कैद्यांना सोंगट्या करून बुद्धिबळ खेळल्याचा प्रसंग दाखवला, तेव्हा असं काही घडल्याचं खोटं दाखवणं हे नाकारणाऱ्यांच्या हातात कोलीत देणं आहे, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. हा जो रोजचा पहारा आहे, तो इमारतीच्या आत बसून देता येत नाही.


सुहास_सर · २८ जानेवारी, दुपारी २:२०

मी सातारा जिल्ह्यात शाळेत इतिहास शिकवतो. आमच्याकडे दुसरं महायुद्ध काही पानांत उरकतं आणि मुलांच्या डोक्यात हिटलर म्हणजे 'शिस्त' आणि 'देशप्रेम' एवढंच राहतं. नववीतल्या पोरांच्या डीपीला त्याचा फोटो आणि खाली प्रेरणादायी वाक्य असतं. त्यांना त्यात काही गैर आहे हेच माहीत नसतं, कारण कोणी सांगितलेलं नसतं. फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. नवी मुंबईत २००६ साली एका हॉटेलाला त्याचं नाव दिलं होतं, विरोध झाल्यावर बदललं. तेव्हा हे काम आपल्याकडेही आहे.

मी व्याख्यान न देता एक फोटो प्रोजेक्टरवर लावला. चेस्वावा क्वोका, वय १४, क्रमांक २६९४७. तो या स्मारकाच्या खात्यावरून घेतला होता. मुलांना सांगितलं, फोटोत जे दिसतं तेवढंच लिहा. अंदाज नको. कोणी लिहिलं केस कापलेत. कोणी लिहिलं ओठ फुटलाय. एका मुलीनं लिहिलं, ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघतेय. मग एक मुलगा म्हणाला, "सर, पण फोटो काढला कोणी?"

तो प्रश्न आल्यावर पुढचा तास आपोआप झाला. ब्रासेंनी पुढे सांगितलंय की फोटोच्या आधी कैद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या एका कैदी बाईनं तिला काठीनं तोंडावर मारलं, कारण काय सांगताहेत ते तिला कळत नव्हतं. तिनं डोळे आणि ओठावरचं रक्त पुसलं आणि फोटोला बसली. १३ डिसेंबर १९४२ ला आईबरोबर छावणीत आली, १२ मार्च १९४३ ला गेली. तीन महिने. आई तिच्याआधीच गेली होती.

वर्गात एरवी कोणाचा ना कोणाचा आवाज चालू असतो, त्या दिवशी नव्हता. डीपी लगेच सगळ्यांनी बदलला असं नाही. काहींनी बदलला.


इतिहासवेडी · २८ जानेवारी, दुपारी ३:०५

सुहास सर, फार मोलाचं लिहिलंत. 'दिसतं तेवढंच लिहा' ही रीत मी उचलणार आहे.

चेस्वावाबद्दल एक भर घालते. तो फोटो २०१८ मध्ये मारिना अमराल या ब्राझीलच्या कलाकार बाईंनी स्मारकाच्या सहकार्यानं रंगवला आणि तो जगभर गेला. सोशल मीडियावर आउश्वित्झचा सगळ्यात ओळखीचा चेहरा कोणता म्हणाल तर कदाचित हाच. पण चेस्वावा ज्यू नव्हती. ती पोलंडच्या झामोश्च भागातली कॅथलिक मुलगी. तिथली गावंच्या गावं रिकामी करून जर्मन वसवायचे होते म्हणून या लोकांना उचललं. तिच्या दुःखाला यानं काडीचीही कमी येत नाही. फक्त मुलांना हे सांगायला हवं की ज्यांचा फोटो आहे त्यांचीच आठवण पसरते, आणि ज्यांना एसएसनं फोटोच्या लायकीचंही समजलं नाही ते लाखो ज्यू फीडमध्ये मागे पडतात. म्हणून चेस्वावाच्या शेजारी घरच्या अल्बममधला एखादा ज्यू मुलाचा फोटो लावा सर. दोन फोटोंमधला फरक मुलं स्वतःच बोलून दाखवतील.


मिलिंद_हॅम्बुर्ग · २८ जानेवारी, संध्याकाळी ६:४८

मी हॅम्बुर्गला राहतो. शहराच्या कडेला नॉयेनगामे नावाची छावणी होती, विटांचा कारखाना आणि एल्बे नदीकाठची मातीची खाण. किमान ४२,९०० माणसं तिथे आणि तिच्या उपछावण्यांमध्ये मेली. युद्धानंतर शहरानं त्याच जागेवर तुरुंग चालवला, अनेक दशकं. पूर्ण परिसर स्मारकाला मिळाला तोच या शतकात.

हे स्मारक नोव्हेंबर २०२१ मध्ये टिकटॉकवर आलं. छावणीच्या स्मारकांमध्ये ते पहिल्यांपैकी होतं. तिथे दिसतात ती तिथलीच तरुण स्वयंसेवक पोरं, वेगवेगळ्या देशांतून आलेली. एखादा कोपऱ्यात उभा राहून सांगतो, मी उभा आहे तिथे बराक होती, हे दगड तिची बाह्यरेषा आहेत. नाच नाही, मेकअप नाही. एक वस्तू, एक जागा, एक मिनिट. खालच्या कॉमेंट्समध्ये लोक विचारतात त्याला उत्तर म्हणून पुढचा व्हिडिओ.

मला हे पटलं, कारण मुलं जे प्रश्न गाइडला समोरासमोर विचारायला लाजतात ते तिथे विचारतात. इथे हसलं तर चालतं का? गावातल्या लोकांना माहीत होतं का? शेवटचा प्रश्न तर जर्मन घरात आजोबांना विचारायला पिढ्या गेल्या.


मैत्रेयी_स · २८ जानेवारी, रात्री ९:१५

टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आपल्या मुलांना इन्स्टा आणि यूट्यूबच. माझी मुलगी १३ वर्षांची आहे. तिला काय दाखवावं? मृतदेहांचे ढीग तिनं या वयात पाहावेत असं मला वाटत नाही. आणि २०२० मध्ये टिकटॉकवर बाहेरच्या मुलींनी अंगावर जखमा रंगवून 'मी छावणीत मेले' असे व्हिडिओ केले होते ना, ते वाचून तर हादरायला झालं होतं.


इतिहासवेडी · २८ जानेवारी, रात्री ९:५०

मैत्रेयी, त्या व्हिडिओंवर स्मारकानं जे निवेदन दिलं ते मला संग्रहालयानं कसं वागावं याचा नमुना वाटतं. असे व्हिडिओ इतिहासाला क्षुल्लक करण्याच्या सीमेवर किंवा सीमेपलीकडे आहेत, हे त्यांनी सांगितलंच. पण त्याच निवेदनात म्हटलं की या मुलांवर तुटून पडू नका, त्यांची कारणं वेगवेगळी आहेत, हे शिक्षणापुढचं आव्हान आहे. काहींना आपल्या परीनं आठवण ठेवायची होती, फक्त त्यांना दुसरी भाषा कोणी शिकवली नव्हती.

तेराव्या वर्षासाठी अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅन फ्रँक हाउसची (नाझींपासून लपून राहून डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅनचं संग्रहालय) व्हिडिओ डायरी बघ. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे संग्रहालय बंद पडलं तेव्हा त्यांनी ती यूट्यूबवर सुरू केली. कल्पना अशी की अ‍ॅनला वहीऐवजी कॅमेरा मिळाला असता तर. पंधरा छोटे भाग. हिंसा दाखवलेली नाही, कोंडलेपण दाखवलंय. तुझ्या मुलीच्याच वयाची मुलगी आईशी भांडते, खिडकीपाशी जाता येत नाही म्हणून चिडते. आधी तू एकटीनं बघ, मग दोघी मिळून बघा.


निरंजन_प · २९ जानेवारी, सकाळी ८:३०

ताई, वर तुम्ही म्हणालात नाट्य आणि अभिनय धोक्याचा, आणि मैत्रेयीताईंना अभिनयाचीच मालिका सुचवलीत. मग रेघ कुठे मारायची? या प्रश्नाला धरून दोन उदाहरणं देतो.

पहिलं लुब्लिनचं. पोलंडच्या या शहरात युद्धाआधी साधारण दर तीन माणसांत एक ज्यू होता. तिथल्या ग्रोद्झ्का गेट या सांस्कृतिक केंद्रानं हेनिओ झितोमिरस्की या मुलाची आठवण जपली आहे. जन्म १९३३. शेवटचा फोटो जुलै १९३९ चा, शहरातल्या बँकेच्या पायऱ्यांशी, अर्धी चड्डी आणि पांढरा शर्ट. १९४२ मध्ये मायदानेक छावणीत मारला गेला, नऊ वर्षांचा होता. २००९ मध्ये केंद्रातल्या एका तरुणानं हेनिओच्या नावानं फेसबुक प्रोफाइल उघडलं आणि तो मुलगा स्वतः बोलतोय अशा पोस्टी लिहिल्या. हजारोंनी मैत्रीची विनंती पाठवली. लोक त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचे. पुढच्या वर्षी फेसबुकनं ते प्रोफाइल बंद केलं.

पण त्याच केंद्राचा दुसरा उपक्रम त्याहून जुना आहे आणि मला जास्त भिडतो. दरवर्षी एप्रिलमध्ये शाळेतली मुलं हेनिओला खरोखरची पत्रं लिहितात आणि त्याच्या शेवटच्या पत्त्यावर, कोवालस्का रस्ता ११, पोस्टानं पाठवतात. पोस्ट ती पत्रं 'पत्त्यावर व्यक्ती सापडत नाही' असा शेरा मारून परत करतं. इथे हेनिओच्या तोंडी कोणी शब्द घातलेले नाहीत. बोलतात ती आजची मुलं, स्वतःच्या नावानं.

दुसरं उदाहरण २०१९ चं 'एव्हा स्टोरीज'. हंगेरीतल्या एव्हा हेमान या तेरा वर्षांच्या मुलीची खरी डायरी आहे, फेब्रुवारी ते मे १९४४. तिच्यावरून एका इस्रायली उद्योजकानं आणि त्याच्या मुलीनं इन्स्टाग्राम स्टोरीज बनवल्या, एव्हाच्या हातात मोबाइल आहे अशी कल्पना करून. दहा लाखांवर लोक जोडले गेले. इमोजी, हॅशटॅग, सगळं. इस्रायलमध्येच यावर कडाक्याचा वाद झाला. हे संग्रहालयाचं काम नव्हतं, पण संग्रहालयांवर दबाव आला की तुम्हीही असंच करा.

माझं मत: मेलेल्या मुलाच्या नावानं आज नवीन वाक्य लिहू नये. त्याची स्वतःची वाक्यं असतील तर ती वाचून दाखवायला, अभिनयातून दाखवायलाही हरकत नाही.


इतिहासवेडी · २९ जानेवारी, सकाळी ९:४०

निरंजन, ही रेघ मला मान्य आहे. अ‍ॅनच्या मालिकेत मूळ आधार तिच्या डायरीचा आहे, आणि कॅमेरा ही कल्पना आहे हे संग्रहालय उघड सांगतं. हेनिओच्या प्रोफाइलमध्ये मात्र वाचणाऱ्याला खरं किती आणि रचलेलं किती ते कळायचा मार्ग नव्हता. त्या तरुणाची तळमळ खरी होती हे मान्य करूनही मी पत्रांच्या बाजूनं उभी राहीन.

हा प्रश्न आता जास्तच तातडीचा झालाय. २०२५ मध्ये स्मारकाला जाहीर इशारा द्यावा लागला. फेसबुकवरची काही पानं त्यांच्या पोस्टींचा मजकूर उचलतात आणि खऱ्या फोटोऐवजी एआयनं बनवलेला चेहरा लावतात. सुंदर, गोबरी, डोळ्यांत पाणी असलेली मुलं. काही ठिकाणी तर माणूसच बनावट, नाव आणि गोष्ट दोन्ही रचलेली. उद्देश पैसा, कारण भावनिक पोस्ट धावते. खाली हजारो लोक श्रद्धांजली वाहतात.

यातलं नुकसान नीट समजून घ्या. ब्रासे आणि युरेचेक यांनी जे वाचवलं तो पुरावा होता. त्याच्या शेजारी हजार खोटे चेहरे उभे केले की नाकारणाऱ्याला फक्त एक खोटा दाखवायचा असतो, मग तो म्हणणार, सगळेच असे. अमराल यांच्या रंगवलेल्या फोटोवरही लोकांनी आक्षेप घेतले होते, पण तिथे मूळ काळापांढरा फोटो शेजारी होता, रंगवणाऱ्याचं नाव होतं, संग्रहालयाचे अभ्यासक सोबत होते.


रिबेका_अश्दोद · २९ जानेवारी, दुपारी १२:१०

शालोम आणि नमस्कार सगळ्यांना. आमचं मूळ गाव अलिबागजवळ, आता दोन पिढ्या इस्रायलला आहोत. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले. आमच्या घरातलं कोणी होलोकॉस्टमध्ये गेलं नाही, कारण आम्ही तेव्हा कोकणात आणि मुंबईत सुखरूप होतो. पण इथल्या शाळेत आमच्या मुलांच्या बाकावर शेजारी बसणाऱ्याची पणजी छावणीतून आलेली असते.

इथे वसंतात स्मरणदिवस असतो. सकाळी दहाला दोन मिनिटं भोंगा वाजतो, हायवेवर गाड्या थांबवून माणसं बाहेर उभी राहतात. ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. याद वाशेम या इथल्या होलोकॉस्ट स्मारकाचा जानेवारीतला एक ऑनलाइन उपक्रम सांगते. तुम्ही आपलं नाव घातलं की त्यांच्या नावांच्या संग्रहातून एका मृत व्यक्तीचं नाव तुमच्या शेजारी येतं. माझ्या मुलाला सलोनिकाचा एक हमाल आला होता. त्याला ग्रीसमध्ये ज्यू होते हेच माहीत नव्हतं. मग बसून नकाशा काढला त्यानं.

तो नावांचा संग्रह २००४ पासून सगळ्यांना ऑनलाइन खुला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी पन्नास लाख नावं झाल्याचं जाहीर केलं. साठ लाखांपैकी पन्नास. बऱ्याच नोंदी नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी हातानं भरलेल्या एका पानाच्या आहेत: नाव, आईवडिलांचं नाव, गाव, धंदा. कधी कधी भरणारा सोडून ओळखणारं कोणी उरलेलंच नव्हतं.


करवीरकर · २९ जानेवारी, दुपारी १:२५

रिबेकाताई, छान लिहिलंत.

कोल्हापूरच्या बाजूनं एक गोष्ट, कारण दरवर्षी या सुमाराला आमच्या ग्रुपवर 'हिटलरच्या छावण्यांतून सुटलेल्या ज्यूंना कोल्हापूरनं आसरा दिला' असा फॉरवर्ड फिरतो. वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश लोकांची वसाहत होती, साधारण पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. पण ते बहुसंख्य कॅथलिक पोलिश होते आणि त्यांना घरातून उचललं होतं स्टालिनच्या सोव्हिएत सत्तेनं, सायबेरिया आणि कझाकस्तानात. तिथून इराणमार्गे ते भारतात आले. त्यांचं दुःख मोठं आहे, कोल्हापूरचं माणूसपणही मोठं आहे. पण तो होलोकॉस्टचा इतिहास नाही. आपल्या गावाचं कौतुक म्हणून दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ करू नये एवढंच.

छावण्यांच्या संग्रहालयांसारखं रोज एक नाव, एक फोटो हे वळिवड्यासाठी कोणीतरी मराठीतून करायला हवं. तिथे वाढलेली मुलं आता नव्वदीच्या घरात आहेत.


कोकणातला_अवी · २९ जानेवारी, दुपारी ४:००

करवीरकर, हे माहीत नव्हतं, मीही तो फॉरवर्ड पुढे ढकलला असता.

नव्वदीवरून आठवलं. लंडनच्या लिली एबर्ट आजी. आउश्वित्झमधून वाचलेल्या. युद्ध संपल्यावर एका अमेरिकन सैनिकानं त्यांना नोटेवर शुभेच्छा लिहून दिल्या होत्या, कारण कागदच नव्हता. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पणतू डोव्हनं ती नोट ट्विटरवर टाकली आणि थोड्याच दिवसांत सैनिकाचं नाव आणि कुटुंब सापडलं. मग दोघांनी टिकटॉकवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला सुरुवात केली, वीस लाखांच्या आसपास लोक बघायचे. आजी ऑक्टोबर २०२४ मध्ये गेल्या, शंभर वर्षांच्या होऊन. काल मी फीडवर शंका घेतली होती, पण या आजींचे व्हिडिओ मी एकामागून एक पाहत बसलो होतो हेही खरं. समोर जिवंत माणूस असलं की बोट पुढे जात नाही.


सुहास_सर · २९ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

एक प्रश्न. मुलांना नुसतं बघायला न लावता काही करायला देता येईल का? आमच्याकडे संगणक कक्ष आहे, नेट बऱ्यापैकी चालतं.


मिलिंद_हॅम्बुर्ग · २९ जानेवारी, रात्री १०:०५

सर, येईल. जर्मनीत बाट आरोल्सन इथे आरोल्सन आर्काइव्ह्ज आहे, नाझींच्या बळींचे कोट्यवधी कागद तिथे आहेत. २०२० पासून त्यांनी एक काम लोकांवर सोपवलंय. छावणीचं मूळ कार्ड पडद्यावर येतं आणि आपण त्यावरचं नाव, जन्मतारीख, कैदी क्रमांक वाचून टाइप करायचा. तेच कार्ड अनेक जण स्वतंत्रपणे वाचतात, त्यामुळे एखाद्याची चूक झाली तरी पकडली जाते. नाव नोंदलं गेलं की नातेवाइकांना शोधता येतं. घरबसल्या, जगातून कुठूनही. सोशल मीडियावर ते याच उपक्रमाच्या हॅशटॅगनं शाळांना बोलावतात.

जर्मन हस्ताक्षराची भीती नको. बरीच कार्डं टाइप केलेली आहेत आणि शेजारी मदतीचा मजकूर असतो. पण इंग्रजी वाचता यायला हवं, म्हणून नववीच्या मुलांच्या जोड्या करा.


इतिहासवेडी · २९ जानेवारी, रात्री १०:३०

सुहास सर, त्याच्या आधी एक तास पार्श्वभूमीला द्या. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाच्या ऑनलाइन विश्वकोशात हिंदी लेखही आहेत, ते छापून वाटता येतील. आणि मुलं कार्ड वाचत असताना कोणाला नाव मिळालं तर ते फळ्यावर लिहू द्या, फोटो काढून स्टेटसला टाकणं मात्र नंतर एकत्र बोलून ठरवा. काय टाकायचं, काय नाही आणि का, ही चर्चाच त्यांना पुढे फोन हातात असताना उपयोगी पडेल.

वळिवड्याबद्दल करवीरकरांनी वेगळा धागा काढावा अशी विनंती. माझ्याकडे थोडं साहित्य आहे, तिथे देईन.


सुहास_सर · ३० जानेवारी, सकाळी ७:५५

धन्यवाद मंडळी. शनिवारची शाळा सकाळची असते, दोन तास सलग मिळतात, तेव्हा घेतो. जोड्या आजच पाडतो. मुलांना काय काय अडलं ते इथेच लिहीन. मिलिंदराव, कार्डावर जर्मन लघुरूपं आली तर तुम्हाला विचारीन.